समान उंचीची रेघ

तेहतीस वर्षं मी हा डोंगर काढला.
ट्रेसिंग पेपरवर, तपकिरी शाईत,
दर पाच मीटरला एक रेघ.
रेघा जवळ आल्या की चढ,
लांब गेल्या की पठार,
एकमेकींत मिटल्या की कडा.
खारघरची ही धार मला
स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ होती.
पायांना मात्र ठाऊक नव्हती.

निवृत्तीनंतर, कार्तिकातल्या एका सकाळी,
निरोप समारंभातलं घड्याळ घरीच ठेवून निघालो.

पहिल्याच चढाला कळलं
पाच मीटर म्हणजे किती.
एका रेघेवरून दुसरीवर जायला
मला दोनदा बसावं लागलं.
कागदावर तिथे पेन्सिल टेकवायला जागा नव्हती,
इथे कुड्याचं झाड होतं,
त्याला लोंबणाऱ्या जोडशेंगा,
उन्हाला आलेला सरडा,
आणि माझ्या छातीतला भाता.

अर्ध्यावर भेटले अवतारसिंग, सेक्टर बाराचे.
खडकावर थर्मास मांडून बसलेले,
दोन्ही गुडघे बदललेले.
"ओरिजिनल होते तेव्हा जपत बसलो," म्हणाले,
"आता हे कंपनीचे आहेत. चालू देत."
झाकणातून चहा दिला. आलं जरा जास्तच होतं.

धारेवर आलो.
वारा एका कानातून दुसऱ्या कानात.
इकडे तळोज्याची धुराडी,
तिकडे ओहोटीची खाडी,
चिखलावर कुणी पितळी ताट घासून पालथं घातल्यासारखी.
मी आखलेले रस्ते खाली धावत होते,
माझी इमारत कुठली ते मलाच सापडेना.
आणि पलीकडे, जिथे मी
उलव्याची टेकडी रेघेरेघेनं उभी केली होती,
तिथे सपाट.
खोडरबरानं पुसावं तसं.
भुगा फुंकायला ओठ आपोआप पुढे आले.
आवरले.

तेवढ्यात गवतातून एक चाक वर आलं.
चाकाखाली शिलाई मशीन,
मशीनखाली चुंबळ,
चुंबळीखाली कपाळ, घाम,
आणि मग अख्खी बाई.
मागे तिचा मुलगा आल्या,
मशीनचे लोखंडी पाय पाठीला बांधून.

नामी पदीर. वाडी वरच्या पठारावर.
"अठराशेला पडली. जुनी हाय, पर चालती."
खाली शिवायला टाकलं की आठ दिवस जातात,
शिवाय पोरींची मापं चुकतात.
यंदा चार पोरी नववीला गेल्या.

मी सरकून सावली दिली.
ती बसली नाही.
"ठेवली तर उचलायला दोघं लागत्यात."

तिनं धरलेली वाट मला दिसलीच नव्हती.
वर जात नव्हती, खाली जात नव्हती,
डोंगराच्या पोटाला धरून नुसती वळत होती.
"पाण्याची वाट ही," ती मान न हलवता म्हणाली.
"डोक्यावर भरला हंडा असला
म्हंजे चढायचं नाय, उतरायचं नाय. सांडतं.
सासूच्या सासूनं पाडली. तिच्या आधीबी आसंल."

मी पिशवीतून जुना नकाशा काढला.
एकशे पंच्याऐंशीची रेघ.
ओहोळापाशी ती जशी आत वळली तशी रेघ वळली,
ती सोंडेला वळसा घालून बाहेर आली,
रेघ आली.
माझं बोट तिच्या मागोमाग चालत होतं.
एका थेंबाचाही फरक नव्हता.

"मोजायला आली व्हती माणसं," नामी म्हणाली,
"मी नवी नवरी तवा. पाणी पिऊन गेली."

मी काहीच बोललो नाही.
नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही होती,
तिच्यावर अंगठा ठेवून
मी त्याची घडी घातली.

"रिकामं हाय का हात? मग हे धरा."
तिनं कमरेचा डबा सोडून दिला.
बॉबिन, सुया, तेलाची बाटली.

मग आम्ही तिघं त्या रेघेवरून निघालो,
पुढे चाक, वाऱ्यानं हळूहळू फिरणारं,
मध्ये आल्या,
शेवटी मी.
गुडघे दुखत नव्हते.
डब्यात बॉबिनं खुळखुळत होती.